मारुतीभाऊंबरोबर समहरमला

एकोणीस वर्षं ओमानमध्ये राहून सलाला न बघितलेली माणसं आमच्या ओळखीत दोनच होती, मी आणि अविनाश. बाकी सगळे दर जुलैत तिकडे हिरवळ आणि धुकं बघायला जातात. नेमके तेव्हा आम्ही पुण्याला सुट्टीवर असतो. त्यामुळे सोहारच्या कुठल्याही गणपतीत, कुठल्याही हळदीकुंकवाला सलालाचा विषय निघाला की मी गप्प बसायचे. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे मला ओळखणारे सांगतील.

त्यातून मी शिकवते इतिहास. सोहारच्या एका भारतीय शाळेत सामाजिक शास्त्र ही माझी गादी. दरवर्षी रोमच्या व्यापाराचं पान येतं आणि दरवर्षी मी तेच तेच मोठ्या तोऱ्यात सांगते: रोमहून दारू आणि सोनं निघायचं, आपल्याकडून मिरी आणि कापड जायचं आणि अरबस्तानातल्या एका बंदरातून लुबान, म्हणजे आपण धूप म्हणून जाळतो तो सुगंधी डिंक. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मिस, दॅट पोर्ट इज इन ओमान ओन्ली, नो? हॅव यू सीन इट?" मी म्हटलं, "नेक्स्ट इयर." त्या मुलीसमोर खोटं ठरू नये म्हणून निघाले, असं म्हटलं तरी चालेल.

ते बंदर म्हणजे समहरम. सलालाच्या पूर्वेला, खोर रोरी नावाच्या खाडीच्या काठी. नोव्हेंबरात सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा गाडीने जायचं ठरवलं. सोहारपासून हजारावर किलोमीटर. अविनाशच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे लांबचं गाडी चालवणं त्याला बंद. मी चालवते, पण मी चालवत असले की शेजारी बसून तो रिकाम्या जागेत ब्रेक दाबत राहतो. अशा वेळी संसार टिकवायचा तर तिसरा माणूस लागतो. तो तिसरा माणूस म्हणजे मारुतीभाऊ.

मारुतीभाऊ अविनाशच्याच कारखान्यात मिस्त्री आहेत. धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून अग्निविटांचं अस्तर लागतं, ते लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. वय पन्नाशीचं. राजापूर तालुक्यातलं गाव, जात कुंभाराची, बायको गावी. सोहारच्या कॅम्पमध्ये एका खोलीत चार जण राहतात आणि त्या खोलीत सगळ्यात कमी बोलणारे हेच असणार याची मला खात्री आहे. अविनाशला ते साहेब म्हणतात, मला वयनी.

"येऊचंय तर येव," म्हणजे यायचं असेल तर येतो, असं ते म्हणाले, आणि सकाळी पाच वाजता एक पिशवी आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन हजर झाले.

हैमा

निझवा गेलं, आदम गेलं, आणि मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काहीच उरलं नाही. वाळूचे डोंगर वगैरे चित्रातलं वाळवंट नव्हे हे. सपाट, करडी, खडे पसरलेली जमीन, आणि उंटांपासून सावध राहा अशा पाट्या. अविनाश मागच्या सीटवर झोपला. मी पुढे बसून मारुतीभाऊंना रोमचा इतिहास सांगितला. त्यांनी शंभर किलोमीटर तो ऐकला, आणि एवढंच विचारलं, "मंग रोमवाल्यांचं राज्य होतं हितं?"

"नाही हो. राज्य कधीच नव्हतं. ते नुसते इथले गिऱ्हाईक होते."

"हां. मंग ठीक," ते म्हणाले. काय ठीक ते मला कळलं नाही.

हैमाला मुक्काम केला, कारण त्या रस्त्यावर मुक्काम करण्यासारखं तेवढंच गाव. पेट्रोल पंप, मशीद, दोन लॉज आणि एक मल्याळी हॉटेल. तिथे पराठा, अंड्याचं कालवण आणि कडक चहा मिळाला, तोही इतका दुधाळ आणि गोड की दिवसभराचा रस्ता अंगातून उतरला. चहा पिता पिता मारुतीभाऊंचा फोन वाजला. ते उठून बाहेर गेले. खिडकीतून ते फोन कानाला लावून उभे दिसत होते, पण बोलत काहीच नव्हते, नुसते ऐकत होते.

परत आल्यावर मी विचारलं. अविनाशने टेबलाखालून मला पाय मारला, पण मी विचारलंच.

गोष्ट अशी होती. मारुतीभाऊंचे वडील, आबा, ऐंशीच्या पुढचे. घराच्या मागे त्यांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची गोल भिंतीची भट्टी. आबांच्या वडिलांनी बांधलेली. हात थरथरायला लागले तशी आबांनी मडकी घडवणं सोडलं, आवा तीन वर्षांत पेटला नाही. धाकटा भाऊ सदा घरी राहतो, तो आईवडिलांचं सगळं करतो. सदाच्या मुलाचं लग्न वैशाखात आहे आणि त्याला मागच्या बाजूला दोन खोल्या बांधायच्या आहेत. जागा आव्याचीच. गावात रस्त्याच्या कामाला जेसीबी आलाय आणि तो रविवारी जाणार. तोवर आवा पाडून घेतला तर घेतला, नाहीतर हातांनी फोडत बसायचं.

"आणि आबा काय म्हणतात?"

"आबा कायच बोलत नाय. सदानं इचारलं की बोलतात, मारुतीला इचार." मारुतीभाऊंनी कप पुढे सारला. "मी बाविसाव्या वर्षी चाक सोडून आलो, वयनी. थोरला मी. शिकलो सगळं आणि सोडून आलो. आता मीच सांगायचं पाड म्हनून?"

आज गुरुवार होता.

इथे शहाण्या माणसाने चहा पिऊन टाकला असता. मी शिक्षिका. मी म्हटलं, "पाडू देऊ नका. वारसा आहे तो. तिकडे युरोपात असा आवा असता तर त्यांनी कुंपण घालून जपला असता. परवा आपण बघणार आहोत ना, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव कसं जपून ठेवलंय ते." बोलता बोलता मला चांगलाच सूर सापडला. एकदा हातची कला गेली की परत मिळत नाही, वगैरे वगैरे. अविनाशने आता पाय मारणं सोडून दिलं होतं.

मारुतीभाऊ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोराला खोली तर पायजे, वयनी." आणि गाडीच्या चाकातली हवा बघायला गेले.

सलाला

थुमरैत गाव सोडल्यावर डोंगर लागतो आणि डोंगर उतरला की जग बदलतं. खाली समुद्र, नारळ, केळी. कालपासून खडे बघून थकलेल्या डोळ्यांना काय बरं वाटलं म्हणून सांगू. रस्त्याकडेला झावळ्यांची दुकानं, त्यात केळ्यांचे घड टांगलेले, पपया, शहाळी. विकणारे बांगलादेशी, पण कोयत्याने शहाळं सोलण्याची पद्धत थेट आपली. मारुतीभाऊ लागोपाठ तीन शहाळी प्यायले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच आपणहून बोलले. "पानी गोड हाय. आमच्याकडं जरा खारट लागतं. खाडीजवळ हाय ना."

दुपारी डोंगराच्या पायथ्याशी जेवलो. इथे मांस तापलेल्या गोट्यांवर भाजतात. निखाऱ्यांवर गोल दगडांचा थर रचायचा आणि त्यावर मांस टाकायचं, तव्याचं काम नाही. अविनाश तिथेच विरघळला. मी मासा मागवला. मारुतीभाऊ जेवणाआधी शेगडीपाशी जाऊन दगडच बघत बसले. कुठून आणता, फुटत नाहीत का, किती दिवस टिकतात, अशी त्या पाकिस्तानी आचाऱ्याची उलटतपासणी चालली होती. परत येऊन सांगतात, "नदीतला दगड नाय घेत. फुटतो. पानी असतं आत." जेवणापेक्षा त्यांना ही माहिती जास्त लागली असावी.

संध्याकाळी लुबानच्या बाजारात गेलो. ओळीने दुकानं, प्रत्येक दुकानात बुरखा घेतलेली एक बाई, पुढ्यात पांढऱ्या, पिवळ्या, हिरवट डिंकाच्या राशी आणि प्रत्येकीसमोर धूर सोडणारी मातीची रंगीत धूपदाणी. आमच्या बाईने माझ्या हातात एक हिरवट खडा दिला आणि तोंडात टाक अशी खूण केली. आधी कडू, मग लिंबाच्या सालीसारखी चव. पोटाला चांगला, म्हणाली. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ते पाणी पितात. आणि बाळंतपण झालं की आईला आणि बाळाला याची धुरी देतात. माझे कान टवकारले. आपल्याकडे बाळंतिणीला शेपा-ओव्याची धुरी देतात, खाटेखाली शेगडी ठेवून. मी तिला मोडक्यातोडक्या अरबीत ते सांगितलं. तिने माझा हात धरला आणि मुलं किती ते विचारलं. एकच मुलगी, आणि तीसुद्धा कॅनडात, हे ऐकून तिने एक खडा जास्तीचा टाकला.

त्या खड्यांनीच घात केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी खोलीत रोजची पूजा मांडली. पूजा म्हणजे काय, डबीतला गणपती आणि उदबत्ती. पण ताजा लुबान हाताशी असताना उदबत्ती कशाला, म्हणून बाजारातून आणलेल्या धूपदाणीत कोळसा पेटवला आणि वर चांगले चार खडे ठेवले. धूर इतका सुंदर निघाला की मी डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं. तिसऱ्या ओळीला छताला लावलेली धुराची घंटा कोकलायला लागली. मजल्यावरची सगळी माणसं बाहेर, अविनाश टॉवेलवर, आणि मॅनेजर धावत आला तो केरळचा. धूपदाणी बघून त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "मॅडम, अरबी लोग भी यही करते हैं." मला तेवढाच दिलासा.

मारुतीभाऊ खाली गाडीपाशी उभे होते. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. सदाचा पुन्हा फोन येऊन गेला होता. शनिवार उजाडला होता.

खोर रोरी

सलालाहून निघाल्यावर ताका गाव लागतं, ते ओलांडलं की उजव्या हाताला खडकाळ माळ. माळावरून चालत गेलं की एकदम समोर येतं ते सगळं: निळी खाडी, तिच्या काठच्या टेकडीवर दगडी भिंती, आणि खाडीच्या तोंडाशी समोरासमोर उभे दोन कडे. कड्यांच्या मधून समुद्र दिसतो, पण खाडीचं पाणी समुद्राला मिळत नाही. मध्ये वाळूचा पांढरा बांध पसरलेला आहे. त्या बांधावर उंट चरत होते, आणि पाण्यात रोहित पक्षी.

मी दिवसभर सांगायला पुरेल एवढं वाचून आले होते. ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे गाव हद्रमौतच्या, म्हणजे आजच्या येमेनमधल्या, राजांनी वसवलं. मागच्या डोंगरापलीकडे लुबानची झाडं, तिथून डिंक उंटांवरून इथे यायचा, कोठारांत साठायचा आणि वारा फिरला की गलबतांतून निघायचा. पश्चिमेला रोम त्याचं मोठं गिऱ्हाईक. तिथल्या देवळांतून, अंत्ययात्रांतून लुबानचे ढीग जळायचे. मग रोमचं ऐश्वर्य पूर्वेला सरकलं, नवी राजधानी झाली, बादशहा ख्रिस्ती झाले, जुन्या देवांपुढचे धूप विझले. चर्चमध्ये लुबान पुढे पुन्हा जळू लागला, पण तोवर व्यापाराच्या वाटा तांबड्या समुद्रातल्या दुसऱ्या बंदरांकडे वळल्या होत्या. आणि इकडे, कोणाचंही राज्य असो, दरवर्षी थोडी थोडी वाळू येत होती. पाचव्या शतकाच्या आसपास खाडीचं तोंड मिटलं आणि माणसं निघून गेली. लढाई नाही, आग नाही. बंदरात बोट येईना, तर बंदरात राहून करायचं काय?

दरवाजा मात्र अजून दिमाखात आहे. आत शिरताना वाट दोनदा मोडते, म्हणजे शत्रूने एकदम घुसू नये. भिंतीवर जुन्या दक्षिण अरबी लिपीतला लेख आहे, अक्षरं इतकी रेखीव की कालच कोरल्यासारखी. मी त्यावर हात न लावता बोट फिरवत अविनाशला अर्थ सांगत होते. पुढे कोठारांच्या खोल्या, एक खोल विहीर, चंद्रदेवाचं देऊळ. मी सगळीकडे थांबत होते आणि बोलत होते. अविनाश ऊन चुकवत सावलीतून सावलीत जात होता.

मारुतीभाऊ आमच्यात नव्हते. मागे वळून बघितलं तर तटाच्या एका कोपऱ्यात, घरांच्या ओळीपाशी ते उकिडवे बसलेले. जमिनीवर तिथे खापऱ्यांचे तुकडे विखुरलेले आहेत, पायाखाली येतील इतके. त्यांच्या हातात एक तुकडा होता, तळहाताएवढा.

मी जवळ जात म्हटलं, "हात लावायचा नसतो, मारुतीभाऊ. पाटी आहे."

त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांनी तो तुकडा उलटा केला. मी आयुष्यात शंभर संग्रहालयं पाहिली असतील, मडक्याच्या तुकड्याची मी नेहमी बाहेरची बाजू बघते. नक्षी, रंग, रेघा. त्यांनी बाहेर बघितलंच नाही. आतली बाजू उन्हाकडे धरली आणि अंगठा त्यावरून सावकाश फिरवला. मग बोटाच्या पेराने एकदा हलकेच वाजवला आणि कान दिला.

"सदीक!" मागून अरबीत हाक आली, म्हणजे दोस्ता. "रख दो. उठाना मना है."

पहारेकरी. पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेलं मुसर, हातात काठी. मारुतीभाऊ दचकून उभे राहिले, तुकडा होता तिथेच ठेवला, आणि काठीचा माणूस जवळ येईपर्यंत त्यांचा चेहरा पडला होता. "माफ करना, अर्बाब. लेके नहीं जाता था. देखता था."

"क्या देखता था? सब लोग बोलता है देखता था, फिर जेब में."

हिंदी चांगलीच होती. नंतर त्याने सांगितलं की तरुणपणी तो मस्कतजवळच्या मत्रहच्या बाजारात एका कच्छी शेठच्या कापडदुकानात होता. नाव सलीम, गाव ताका. पण तेव्हा तो रागावलेला होता आणि मी मध्ये पडून काही ज्ञान देणार एवढ्यात मारुतीभाऊच बोलायला लागले. त्यांना मी एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"ये चाक पे पूरा नहीं बनता, अर्बाब. चाक पे सिर्फ गला बनता है. नीचे का पेट ठोक के बनाते हैं. एक हाथ अंदर, उसमें पत्थर का गोला. बाहर से लकडी का थापटणा. ऐसे." डाव्या हाताची मूठ हवेत धरून उजव्या हाताने त्यांनी ठोके दिले, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर आतली मूठ थोडी थोडी फिरत गेली. समोर मडकं नव्हतं, तरी मला त्याचा आकार दिसला. "अंदर गोले का खड्डा पडता है. वो देखो, उसके अंदर वैसा ही है. मेरा बाप ऐसे बनाता है. उसका बाप भी."

सलीमने त्यांच्या हातांकडे बघितलं. मग खाली वाकून, नियम मोडायचा हक्क त्याचाच असल्यासारखा, तो तुकडा उचलला आणि आत बघितलं. "सर्दी में खुदाईवाले आते हैं," तो म्हणाला. "वो लोग भी यही बोलते हैं. ये पकाने का मटका हिंद का है. बेचने का माल नहीं. हिंद का आदमी इधर रहता था, अपना खाना पकाने को लाया." तो हसला. "मैं सोचता था, किताब में पढ के बोलते हैं."

तो तुकडा भारतातलाच होता असं मी परीक्षेत लिहून देणार नाही. पण इथे हिंदी माणसं राहत होती आणि ती आपली भांडी बरोबर आणत होती, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं आणि एकोणीस वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं की अशी माणसं सोहारच्या कॅम्पमध्ये राहतात, आणि सुट्टीवरून येताना कुकर आणि तवा घेऊन येतात.

मारुतीभाऊंनी सलीमला विचारलं, "फोटो?" सलीम म्हणाला फोटोला मनाई नाही, आणि तुकडा स्वतःच धरून उभा राहिला. पण मारुतीभाऊंनी फोटो नाही काढला. त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला.

फोन सदाने उचलला. मला त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. "दादा, जेसीबीवाला इचारतोय. उद्या सकाळी नायतर गेला. मी काय सांगू त्याला?"

"आबांना दे."

"दादा, आधी सांग तरी..."

"दे रे."

पडवीतल्या अंधारातून एक सुरकुतलेलं कपाळ आलं, मग एक डोळा. आबांना फोन कसा धरायचा ते कळत नव्हतं. सदा मागून हात धरून होता. मारुतीभाऊंनी आपला फोन सलीमच्या हातातल्या तुकड्यासमोर नेला.

"आबा, हे बघा. हितं अरबांच्या मुलखात जुनं गाव हाय. दीड हजार वर्सां पडलेलं. त्यात गावलं. आपल्याकडचं हाय."

आबांनी डोळा फोनच्या अगदी जवळ आणला. मग आबांचा आवाज, चिरका पण स्पष्ट. "कशावरनं?"

"आत बघितलं."

"आधी आत बघितलंस?"

"हां."

"बुडाला काजळी हाय?"

मारुतीभाऊंनी सलीमला खूण केली, सलीमने तुकडा फिरवला. बाहेरून काळाकुट्ट होता. मला इतका वेळ तो मातीचाच रंग वाटला होता. "हाय, आबा. काळं हाय."

"मंग वापरलेलं हाय," आबा म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं आवाजात कळलं. "कुनी तरी जेवलं त्यातलं." मग विचारलं, "ज्यानं केलन, त्याचा आवा हाय थय?"

"नाय, आबा. आवा आपल्याकडं कुठंतरी असनार. आता कुठं होता ते कुनाला ठावं."

"त्याचा नाय ऱ्हायला?"

"नाय."

"मंग माझा कशाला ठेवताय?" आबा म्हणाले. "पोराला खोली बांधा."

सलीमला मराठी येत नव्हती, पण त्याने काठी खाली टेकली आणि नजर समुद्राकडे वळवली. अविनाश माझ्या मागे येऊन उभा होता. हैमाच्या हॉटेलात मी जे काही बोलले होते ते सगळं मला आठवलं, शब्दन् शब्द, आणि कान गरम झाले. मारुतीभाऊंचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

"सदाला द्या फोन, आबा."

सदा आला. "बोल दादा."

"पाड," मारुतीभाऊ म्हणाले. "मी सांगतोय म्हनून पाड. आबांना पुढच्या दारी नेऊन बसवू नको, समोर खुर्ची टाक. त्यांना बघायचं असंल. आणि जेसीबीवाल्याला सांग, सावकाश घे."

फोन बंद केल्यावर त्यांनी सलीमशी हस्तांदोलन केलं. सलीमने त्यांचा हात सोडला नाही, उलटा करून तळवा बघितला, जसा त्यांनी तो तुकडा बघितला होता तसा, आणि "यल्ला, चाय पियो" म्हणून आम्हाला आपल्या खोपटात नेलं. थर्मासमधला वेलदोड्याचा काळा चहा, खजूर. तो ताकाच्या सार्डिन माशांबद्दल बोलला, नातवांना हिंदी येत नाही म्हणून तक्रार केली. मारुतीभाऊंनी सहा खजूर खाल्ले. मी, नवल वाटेल, जवळजवळ काहीच बोलले नाही.

परत माळावरून गाडीकडे येताना अविनाश पुढे होता. आम्ही दोघं मागून चालत होतो. वारा खाडीवरून येत होता.

"वयनी," मारुतीभाऊ म्हणाले, "त्या मानसाला ठावं असंल काय? ज्यानं मडकं केलन त्याला? की ते एवढ्या लांब आलं म्हनून?"

मी इतिहासाची शिक्षिका. पण खरं तेच सांगितलं. "नाही हो. त्याला कसं कळणार? त्याने बाजारात विकलं असेल. पुढे कुठे गेलं ते त्याला कोण सांगणार?"

ते काही पावलं चालले.

"आबांना सांगितलं ते बरं झालं," ते म्हणाले. "कुना तरी कुंभाराला कळाया पायजे होतं."